भरल्या सोफ्याची चाचणी

रविवारचा कार्यक्रम कोणाच्या घरी बघायचा, हा प्रश्न बुधवारी सकाळी निघाला. काटासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बशीकडे असं पाहिलं, जणू तो प्रश्न बशीनेच काढला होता. खरं तर तो बायकोच्या धाकट्या भावाने काढला होता. फोनवरून. आणि फोन स्पीकरवर होता.

"ताई, उगाच जीव टांगणीला लावून बसू नका. सगळे आमच्याकडे या. आमचा टीव्ही मोठा आहे आणि अडकत नाही."

"तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. माझा गुडघा आत्ता कुठे टाके काढून घरी आलाय," ताई म्हणाली.

"खुर्चीत बसवून वर आणू. आम्ही चौघं आहोत."

"मी काय कपाट आहे?"

"अगं, पण पोरीचं वाजवणं बघायचंय ना? की गेल्या वेळसारखं करायचंय?"

या टोमण्याला कारण होतं. मुलगी दुसऱ्या शहरात एका वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. गेल्या वेळी ती मागच्या रांगेत होती. सगळे याच टीव्हीसमोर जमले होते. कॅमेरा फिरत फिरत तिच्यावर आला, तिने गज उचलला आणि चित्र थांबलं. बरोबर तिच्या नाकावर एक पांढरं वर्तुळ गरगरू लागलं. ते गरगरायचं थांबलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. बायको एवढंच म्हणाली, "छान झालं असेल." तिने आदळआपट केली असती तर काटासाहेबांना सोसलं असतं. हे वाक्य मात्र त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. आता रविवारी मुलगी पुढे उभी राहून एकटी वाजवणार होती. गुडघ्यामुळे आईला तिकडे जाता येणार नव्हतं.

"कार्यक्रम इथेच बघायचा," काटासाहेब फोनच्या दिशेने म्हणाले. "आणि तुम्ही सगळ्यांनी इथे यायचं."

"भाऊजी, तुम्ही म्हणाल तसं," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात मात्र सहानुभूती होती, आणि तीच झोंबली.

काटासाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला हवं. ते वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतून वजनकाटे तपासणं हे त्यांचं काम. बाजाराने ठेवलेलं हे नाव त्यांच्या मागोमाग इमारतीत आलं आणि फक्त दारावरच्या पाटीवर चढायचं राहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्याच्याच घरात एक यंत्र उघडउघड कमी माप देत होतं. लोक काय म्हणतील हा पुढचा प्रश्न झाला. काय म्हणायचं ते मेहुणा आधीच म्हणून गेला होता.

ते यंत्र म्हणजे टीव्हीच्या मागे ठेवलेला, डब्याएवढा छोटा संगणक. इंटरनेटवरचा कार्यक्रम घ्यायचा आणि टीव्हीला द्यायचा, एवढीच त्याची नोकरी. राउटर होता झोपायच्या खोलीत, कारण कंपनीच्या माणसाला तिथे भोक तयार मिळालं होतं. मध्ये एक दार, एक भिंत आणि मग हॉलमधला लांबलचक सोफा. एवढ्या अंतरावरून आलेली हाक त्या डब्यातल्या वायरलेसला कानात बोळे घातलेल्या माणसासारखी ऐकू यायची.

"सरळ वायर टाका की," असं सगळेच सांगत. वायर टाकून झाली होती. पहिल्याच आठवड्यात मेहुणा तिच्यात पाय अडकून पडला आणि तेव्हापासून दर लग्नात तो किस्सा हातवाऱ्यांसकट सांगतो. वायर भिंतीतून न्यायची तर भोक पाडावं लागणार. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीबद्दल बायकोचं मत असं होतं, की भोक पाडणाऱ्याने आधी स्वतःच्या डोक्यापासून सुरुवात करावी.

राहिला राउटर हलवण्याचा मार्ग. त्यासाठी कंपनीला फोन केला.

"कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, सर?"

"माझ्या पत्नीच्या."

"मग मॅडमनाच बोलायला द्या."

मॅडम व्यायामाच्या गादीवर पाय वर करून पडल्या होत्या. त्यांनी आडव्यानेच फोन घेतला, "हे जे म्हणतायत ते करा," असं सांगितलं आणि परत दिला. त्यावर पलीकडच्या मुलीने विचारलं, की हे म्हणजे कोण, आणि त्यांचं अधिकारपत्र आहे का. बरीच हुज्जत झाल्यावर तक्रार नोंदली गेली. संध्याकाळी संदेश आला, की आमच्या बाजूने वेग तपासला असता तो योग्य आढळला, सबब आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकालात काढली आहे. काटासाहेबांनी तो संदेश दोनदा वाचला. सरकारी खात्यात इतकी वर्षं काढूनही एवढ्या झटपट समाधान केलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

तेव्हा उरला एकच उपाय: डब्याला बाहेरून जोडायचा वायरलेस अ‍ॅडाप्टर. दुसरा कोणी असता तर एक आणून खोचून मोकळा झाला असता. काटासाहेबांनी तीन आणले. एक नखाएवढा, एक काडेपेटीएवढा आणि एक दोन अँटेना उभारून बसलेला. बायकोने त्यांना नखुल्या, काडेपेटी आणि शिंगवाला अशी नावं दिली. काटासाहेबांना हा प्रकार शास्त्रीय वाटला नाही, पण तासाभरात तेही तीच नावं वापरू लागले.

"यातला चांगला कोणता ते दुकानदाराने नाही सांगितलं?" बायकोने विचारलं.

"सांगितलं ना. सगळेच चांगले."

"मग?"

"म्हणून तर तपासायचे."

तपासणीचे नियम खात्याचेच होते. जागा एक, परिस्थिती एक, प्रत्येकाची तीनदा मोजणी. काडेपेटीच्या खोक्यात तिला लांबवर ठेवण्यासाठी एक हातभर वायर आली होती. बाकी दोघांना ती नव्हती. एका मल्लाला स्टूल आणि दुसऱ्याला जमीन, याला कुस्ती म्हणत नाहीत. काटासाहेबांनी वायर टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला. न्याय केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग परिस्थिती स्वच्छ करायला घेतली. मायक्रोवेव्ह बंद. सगळे मोबाइल बंद. बायकोला काठीच्या आधाराने समोरच्या दारी, विज्ञानाच्या बाईंकडे नेऊन बसवलं. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा तास अजून सुटला नव्हता. शेजाऱ्यांच्या वाय-फायचा त्रास नको म्हणून लिफ्टमध्ये एक विनंती चिकटवली: 'तपासणीच्या कारणास्तव सर्व रहिवाशांनी अर्धा तास आपापले राउटर बंद ठेवावेत.'

पाच मिनिटांत इमारतीचे चिटणीस दारात उभे. चिटणीस हे वजनदार गृहस्थ. हे दोन्ही अर्थांनी खरं, पण एकच अर्थ लांबून दिसायचा.

"लिफ्टमध्ये काही चिकटवायचं तर समितीची परवानगी लागते, साहेब."

"विनंती आहे ती."

"खाली सही तुमची आहे आणि सहीखाली निरीक्षक लिहिलंय. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी घाबरून मीटरच बंद केला. त्यांना वाटलं धाड पडली."

"मग परवानगी द्या."

"समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही अर्ज देऊन ठेवा, कारणासह."

काटासाहेबांनी कागद काढून आणला आणि राउटरांनी आपली विनंती न मानताच तपासणी सुरू केली. आकडे लिहायला कोरा कागद सापडेना म्हणून ते फ्रिजच्या दारावर लिहिले. ते मार्कर पुसण्यातलं नव्हतं, हे नंतर कळलं. त्यावर बायको काय म्हणाली ते इथे देत नाही. मुद्दा असा, की शिंगवाला पहिला आला, काडेपेटी दुसरी आणि नखुल्या तिसरा. पण तिसराही चांगला उत्तीर्ण होता. शिंगवाल्याचा वेग तर इतका, की त्यावर तीन टीव्ही चालले असते. काटासाहेबांनी विजेत्याला डब्यात खोचलं आणि मेहुण्याला स्वतःहून फोन केला.

"शुक्रवारी संध्याकाळी या सगळे. रंगीत तालीम."

शुक्रवारी मेहुणा, त्याची बायको आणि त्याचे दोन थोराड मुलगे आले. चौघं सोफ्यावर बसले, बायको खुर्चीत, पाय स्टुलावर. काटासाहेबांनी त्याच सभागृहातला एक जुना कार्यक्रम लावला. निवेदक आला, वाकला, बोलायला त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. त्याच्या दातांवर पांढरं वर्तुळ फिरू लागलं.

एका भाच्याने बिस्किट खायचं थांबवलं.

"अहो, तो फ्रिजवरचा आकडा कुठला मग?" बायकोने हळूच विचारलं.

"याचाच."

"भाऊजी," मेहुणा समजुतीने म्हणाला, "तुमचं कागदावर सगळं पास असतं बघा. ताई, खुर्ची कोणती आणायची ते बघून ठेव. हात असलेली बरी."

पाहुणे गेल्यावर काटासाहेबांनी पुन्हा मोजलं. वेग उत्तम. फ्रिजवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा. यंत्र लोकांसमोर खोटं बोलतं आणि एकट्यापाशी खरं बोलतं, हा अनुभव त्यांना माणसांच्या बाबतीत उलटा होता. ताटावर बसले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, "जाऊ दे हो. मी जाईन खुर्चीत बसून. चौघं काय, आठ लागले तरी चालतील." ती हसत म्हणाली होती, त्यामुळे घास आणखीच फिरला.

शनिवारी सकाळी बाजारात तपासणी होती. एका किराणा दुकानात मालकाने नेहमीप्रमाणे हात पुसत काटा पुढे केला.

"बघा साहेब, शून्यावर उभा आहे. केसभर इकडे नाही की तिकडे."

"शून्यावर सगळ्यांचेच काटे उभे असतात, शेठ," काटासाहेब सवयीने म्हणाले. "रिकामा काटा कधी खोटं बोलत नाही. भार टाकल्यावर काय दाखवतो ते..."

वाक्य तिथेच राहिलं. हातातलं पितळी वजन हातातच राहिलं. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्याचा काटा भार टाकल्यावर खरोखरच कमी दाखवत असे. पण साहेब त्याच्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत होता. अशा प्रसन्नतेने स्वतःला दंड होताना त्या दुकानदाराने आयुष्यात प्रथमच पाहिलं.

काटासाहेबांनी रिकामा सोफा तपासला होता. आणि सोफा होता बरोबर दाराच्या आणि टीव्हीच्या मध्ये.

घरी येऊन ते थेट समोरच्या दारी गेले.

"बाई, माणूस बसला तर वायरलेस अडतं का?"

"अडणारच," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "माणूस म्हणजे बहुतेक पाणी. आणि पाणी असल्या लहरी पिऊन टाकतं. आठवीला सांगितलं असतं, तुम्ही माझ्या वर्गात असता तर."

बाईंनी पाणी म्हटलं आणि काटासाहेबांनी ते शब्दशः घेतलं. माणसं गोळा करण्यापेक्षा पाणी गोळा करणं सोपं. इमारतीतले कॅन, बादल्या, भाजी धुवायची पातेली, सगळं भरून सोफ्यावर ओळीने मांडलं. मेहुण्याच्या जागी सर्वांत मोठा कॅन ठेवला. बायको खुर्चीतून म्हणाली, "डावीकडे जरा कमी भरा. वहिनी बारीक झालीय."

वेग खरोखरच कोसळला. काटासाहेबांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. इतक्या वाईट निकालावर एवढा खूश झालेला माणूस विरळा. पण त्याच थापेने म्हणा किंवा मुळातच म्हणा, मेहुण्याच्या कॅनची तोटी सुटली. सोफा पाणी प्यायला, गालिचा पाणी प्यायला, आणि काटासाहेब पातेलं घेऊन धावले तेव्हा त्यात आधीच पाणी होतं.

"त्याच्या जागी ठेवलेलं पाणीसुद्धा गप्प बसत नाही," बायको म्हणाली. भावाबद्दल ती असं क्वचितच बोलायची.

दुपारभर पंख्याखाली सोफा सुकवला, वर चादरी अंथरल्या आणि मग काटासाहेब नाइलाजाने माणसं मागायला निघाले. विज्ञानाच्या बाई तयारच होत्या. खालच्या मजल्यावरचा शिंपी आणि त्याची बायको दुकान बंद करून आले. मेहुण्याच्या मापाचा माणूस मात्र इमारतीत एकच होता.

"मी काय करायचं?" चिटणीसांनी संशयाने विचारलं.

"काही नाही. नुसतं बसायचं. हलायचं नाही."

"समितीत तेच करतो," चिटणीस म्हणाले आणि आले.

भरल्या सोफ्याची चाचणी सुरू झाली. नखुल्या पार गळाठला. फ्रिजवर पहिला आलेला शिंगवालाही चिटणीस टेकून बसताच अर्ध्यावर आला आणि शिंप्याने पाय पसरल्यावर मान टाकली. काडेपेटीचं तेच. तिघंही टीव्हीच्या मागे, माणसांच्या छातीच्या उंचीला, आणि पुढे माणसांची भिंत. सगळ्या काट्यांनी एकदमच माप मारावं तसं झालं.

"डोक्यांवरून न्या की," बाई म्हणाल्या. "मागच्या बाकावरचा मुलगा फळा बघायला काय करतो? उभा राहतो."

"पण हे डब्यातच खोचायचं असतं. उभं राहायला त्यांना..." काटासाहेब बोलता बोलता उठले, टेबलाचा खण उघडला आणि न्यायाच्या नावाखाली डांबून ठेवलेली वायर बाहेर काढली. त्यांनी ती डब्यात खोचली, टोकाला काडेपेटी लावली आणि स्टुलावर चढून ती पडद्याच्या दांडीला बांधली.

वेग चढला. चिटणीसांनी श्वास घेतला, सोडला, तरी वेग तसाच.

इथे दुसरा कोणी थांबला असता. पण काडेपेटीला वायर दिली तर शिंगवाल्यालाही द्यायला हवी. नाहीतर तो पक्षपात. काटासाहेबांनी शिंगवाल्याला वर चढवलं. तो जड होता. दांडीचा एक खिळा निसटला, मग दुसरा, आणि दांडी, पडदा व शिंगवाला हे सगळं सावकाश, जणू विचार करून, चिटणीसांच्या डोक्यावर उतरलं.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. पडद्याखालून आवाज आला, "हलू का?"

"लागलं का हो?" बायकोने विचारलं.

"लागलं नाही. पण हे म्हणाले होते हलायचं नाही."

भार म्हणून असा माणूस खात्याच्या कपाटातसुद्धा मिळाला नसता. काटासाहेबांनी त्यांना स्वतःच्या हाताने बाहेर काढलं, दांडी नव्या खिळ्यांनी ठोकली (या भोकांना बायकोने परवानगी दिली, कारण ती आधीचीच होती) आणि हलक्या काडेपेटीला विजयी घोषित केलं. निकाल फ्रिजवर लिहिला. आता फ्रिजला काही फरक पडत नव्हता.

रविवारी संध्याकाळी मेहुणा सहकुटुंब आला. हात असलेली एक खुर्ची त्याने गाडीत घालून आणलीच होती. पडद्याच्या दांडीला लटकलेली काडेपेटी त्याने पाहिली आणि खुर्ची आत आणून सोफ्याजवळ ठेवली. चिटणीस, बाई आणि शिंपी-शिंपीण आमंत्रणाशिवाय आले आणि कालच्या हक्काने मागच्या खुर्च्यांवर बसले.

निवेदक आला, वाकला आणि बोलला. सगळं बोलला. मग मुलगी आली. काळी साडी, केस घट्ट बांधलेले. बायकोने स्टुलावरचा पाय नकळत खाली घेतला. गज फिरला आणि व्हायोलिन त्या हॉलमध्ये असं वाजू लागलं, की शिंप्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. एकदाही अडकलं नाही. काटासाहेबांची नजर मुलीवर कमी आणि तिच्या नाकावर जास्त होती. वर्तुळ आलं नाही.

मग सूर वर वर चढत गेला, गज तंतूंवरून उचलला गेला आणि हवेत थांबला. मुलगी डोळे मिटून उभी. आवाज नाही. काही नाही.

"गेलं," मेहुणा म्हणाला.

थोरला भाचा म्हणाला, "अरेरे." चिटणीस आपण हललो का, हे तपासू लागले. मेहुणा उठला आणि दांडीवरच्या वायरीकडे हात करून पुढे गेला. त्याच्या हालचालीत दोन घरांचा इतिहास होता.

"हात लावू नकोस," काटासाहेब म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण बाजारात याच आवाजाला दुकानं बंद होत. "बस खाली. अडकलेलं नाही. ती थांबली आहे."

"भाऊजी, अहो चित्र..."

"भार टाकून तपासलंय. बस."

मेहुणा उभ्याचा अर्धा बसला. पडद्यावर मुलगी तशीच, गज तसाच. बायकोने काटासाहेबांकडे पाहिलं नाही. ती पडद्याकडेच बघत राहिली, आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मागच्या टकलू वाजंत्र्याने डोळे मिचकावले."

गज खाली आला. पुढचा सूर इतका मऊ होता, की तो त्या थांबण्यातूनच निघाला असावा असं वाटलं. शेवटी सभागृहात टाळ्या झाल्या, पण हॉलमधल्या टाळ्या त्यांच्या आधी सुरू झाल्या होत्या. सगळ्यांत जोरात मेहुणा वाजवत होता. तो मनाने वाईट माणूस नव्हता.

फोन आला तो आईलाच.

"आई, मध्ये मी मुद्दाम थांबले होते, रचनेतच आहे तसं. इथे पुढच्या रांगेतल्यांना वाटलं मी विसरले. तुमच्याकडे कळलं का?"

"कळलं की. ते राहू दे. तुझ्या उजव्या मनगटाला पट्टी कसली आहे?"

"कुठली पट्टी?"

"बाहीच्या आत, अंगाच्या रंगाची. पडलीस कुठे? आणि मला कधी सांगणार होतीस? मी इथे गुडघा धरून बसलेय म्हणून माझ्यापासून लपवायचं?"

"आई, तिथून दिसलं तुला?"

"दिसलं म्हणजे? पट्टीच्या शिवणीचा टाकासुद्धा दिसला."

बायको फोन घेऊन काठी टेकत झोपायच्या खोलीत गेली. तिथून तिचा रागवण्याचा आवाज बराच वेळ, एका लयीत, कुठेही न तुटता येत राहिला. काटासाहेब दाराकडे कान देऊन बसले होते. लोक व्हायोलिनबद्दल बोलत होते, चहा मागत होते, पण त्या संध्याकाळी त्यांच्या दृष्टीने ऐकण्यासारखं संगीत आतच चाललं होतं.

मेहुणा सरकत सरकत त्यांच्या जवळ आला. आणलेली खुर्ची त्याने पायाने सोफ्यामागे ढकलली.

"भाऊजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे फुटबॉल लागला की अडकतं. कोणाला बोललो नाही. हे काडेपेटीवालं घेऊ का?"

काटासाहेबांनी आधी दांडीवरच्या काडेपेटीकडे नीट पाहून घेतलं. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीत घाई करून चालत नाही.

"आधी तुझा सोफा बघावा लागेल," ते म्हणाले. "माणसांसकट."